हृदयातलं कॅल्शियम आणि हार्ट फेल्युअर : खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते, पेशंट तपासत नाही. पण आपल्याकडे डॉक्टर म्हटलं की डॉक्टर. हळदीच्या मांडवात, एसटीच्या सीटवर, कानबाईच्या रोटांच्या पंगतीत लोक पिशवीतून रिपोर्ट काढून पुढे धरतात. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हार्ट फेल्युअर निघाल्यावर मीही नातेवाइकांच्या बाकावर जाऊन बसले, तेव्हा प्रश्न आणखी वाढले. खालचे प्रश्न तिथलेच आहेत. गोळ्यांचा डोस मात्र इथे वाचून बदलू नका, ते काम तुमच्या डॉक्टरांचं.

हार्ट फेल म्हणजे माणूस गेलाच ना?

नाही. हा गोंधळ आपल्या बोलण्यामुळे झालाय. "रात्री झोपेत हार्ट फेलने गेले" असं आपण सर्रास म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा अचानक हृदय बंद पडलेलं असतं. डॉक्टर ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात त्यात हृदय चालूच असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलणं त्याला जमत नाही, किंवा जमवायला फार जोर लावावा लागतो. मग पायांवर सूज येते, जिना चढताना दम लागतो, उताणं झोपलं की घुसमटतं आणि उशा वाढत जातात. हार्ट अटॅक आणखी वेगळा. त्यात हृदयाचीच रक्तवाहिनी तुंबते. अटॅकमुळे पुढे हार्ट फेल्युअर होऊ शकतं, पण दोन्ही एक नव्हेत.

"हाडाले कॅल्शियम लागस, तसं हृदयालेबी लागस म्हने. मग कॅल्शियमनी गोयी लेऊ का?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, आणि त्यातलं पहिलं वाक्य अगदी बरोबर आहे. कॅल्शियम नसेल तर हृदयाचा एक ठोकाही पडणार नाही. चूक दुसऱ्या वाक्यात आहे.

रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं. दर १०० मिलीलीटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलीग्रॅम, एवढ्यातच ते राहतं. जरा कमी झालं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून काढून भरपाई करतात. हार्ट फेल्युअरच्या बहुतेक पेशंटच्या रक्तात कॅल्शियम व्यवस्थित असतं. बिघाड असतो हृदयाच्या पेशीच्या आतल्या व्यवस्थेत: कॅल्शियम कुठे साठवायचं, कधी सोडायचं, किती लवकर परत गोळा करायचं. गोळी त्या व्यवस्थेपर्यंत पोचत नाही. धरणात पाणी आहे पण शेतातली चारी फुटलीय, तर धरणात आणखी टँकर ओतून काय होणार?

एक अपवाद आहे. रक्तातलं कॅल्शियम खरोखर खूप घटलं, उदाहरणार्थ पॅराथायरॉइडच्या आजारात किंवा ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेत, तर त्यामुळेही हृदय कमजोर पडू शकतं, आणि कॅल्शियम दिल्यावर ते सुधारतं. हे क्वचित होतं आणि तपासणीत कळतं. हाडांसाठी डॉक्टरांनी कॅल्शियम लिहून दिलं असेल तर हे वाचून ते बंद करू नका.

कॅल्शियमचा आणि ठोक्याचा संबंध आहे हे कळलं कसं?

नळाच्या पाण्यामुळे. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर १८८२ च्या सुमारास बेडकाचं हृदय बाहेर काढून मिठाच्या पाण्यात चालू ठेवायचे प्रयोग करत होते. ते चांगलं चाललं, तेव्हा त्यांना वाटलं की मीठ पुरेसं आहे. मग लक्षात आलं की मदतनिसाने द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केलं होतं. शुद्ध पाण्यातलं द्रावण वापरलं तर ठोके मंदावत थांबत. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, ते हृदयाला चालवत होतं. १८८३ मध्ये रिंगरनी आधीचं म्हणणं दुरुस्त करून प्रसिद्ध केलं. सलाइनच्या बाटलीवर 'रिंगर लॅक्टेट' लिहिलेलं असतं, ते याच गृहस्थांचं नाव.

आम्ही विद्यार्थी असताना हा प्रयोग हाताने केलाय. काजळी धरलेला ड्रम हळूहळू फिरायचा, बेडकाच्या हृदयाला दोऱ्याने बांधलेली काडी त्यावर पांढरी नागमोडी रेघ ओढायची. ड्रॉपरने पोटॅशियम टाकलं की रेघ बुटकी होत होत खाली सपाट व्हायची, म्हणजे हृदय सैल अवस्थेत थांबायचं. धुऊन पुन्हा चालू केलं आणि कॅल्शियम जास्त टाकलं की रेघ उंच उंच चढायची आणि वरच अडकायची. हृदय आवळलेलं, मुठीसारखं, आणि सुटतच नाही. तेव्हा परीक्षेत लिहायला दोन ओळी मिळाल्या एवढंच वाटलं होतं. आज हार्ट फेल्युअर समजावताना मला ती वर अडकलेली काडीच आठवते.

पेशीच्या आत नेमकं होतं काय?

माझं आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथली फड पद्धत ज्यांनी पाहिलीय त्यांना हे पटकन कळेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून फडात पाणी. पाटकरी दार उघडणार, बारेकरी पाणी शेतात फिरवणार. कुणीही मनाला येईल तेव्हा दार उघडायचं नाही.

हृदयाच्या पेशीतही कॅल्शियमचा एक साठा आहे, जाळीसारख्या पिशव्यांचा. पेशी सैल असते तेव्हा तिच्या मोकळ्या द्रवात कॅल्शियम नगण्य असतं, बाहेरच्या रक्तापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी. विजेची लहर आली की पेशीच्या आवरणातली दारं उघडतात आणि बाहेरून थोडं कॅल्शियम आत शिरतं. पेशीचं आवरण जागोजागी आत बोगद्यांसारखं वळलेलं असतं, म्हणून ही दारं साठ्याच्या अगदी तोंडाशी असतात. मधलं अंतर मिलिमीटरच्या साधारण एक लाखाव्या भागाएवढं.

बाहेरून आलेलं कॅल्शियम एकटं पुरत नाही. ते साठ्याच्या दाराला चावीसारखं लागतं. त्या दाराचं नाव रायनोडीन रिसेप्टर, कारण रायनिया नावाच्या दक्षिण अमेरिकी झाडातलं रायनोडीन हे विष त्यालाच जाऊन चिकटतं. दार उघडलं की साठ्यातलं कॅल्शियम धो धो बाहेर येतं. थोड्या कॅल्शियमने जास्त कॅल्शियम सोडवायचं, अशी ही युक्ती. १९९३ मध्ये शास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली या दारांच्या एकेका गटातून निघणाऱ्या ठिणग्या दिसल्या. त्यांचं नावही 'कॅल्शियम स्पार्क' असंच पडलं. प्रत्येक ठोक्याला पेशीभर अशा हजारो ठिणग्या एकदम पेटतात.

मोकळं झालेलं कॅल्शियम ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, ट्रोपोनिन स्नायूच्या धाग्यांवरचा अडसर बाजूला सारतं, धागे एकमेकांवर सरकतात आणि पेशी आवळते. ट्रोपोनिन शोधलं जपानच्या सेत्सुरो एबाशींनी, १९६० च्या दशकात. कॅल्शियमसारखा साधा क्षार स्नायूला हुकूम देतो, हे त्या काळी बऱ्याच मोठ्या लोकांना पटत नव्हतं.

आवळायला ताकद लागते हे समजलं. सैल पडायला कसली आलीय मेहनत?

खरी मेहनत तिथेच आहे, आणि फडाची उपमा इथे तुटते. शेतात गेलेलं पाणी परत बंधाऱ्यात न्यायचं नसतं. पेशीला मात्र सोडलेलं सगळं कॅल्शियम पुढच्या ठोक्याच्या आत उचलून परत भरावं लागतं, तेही चढावर, कमी असलेल्या जागेतून जास्त असलेल्या जागेत. चढावर पाणी न्यायचं तर मोटार लागते आणि मोटारीला वीज.

ही मोटार म्हणजे सर्का नावाचा पंप. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक कण जाळून तो कॅल्शियमचे दोन कण साठ्यात ओढतो. माणसाच्या हृदयात दर ठोक्याला सुटलेल्या कॅल्शियमपैकी साधारण ७० टक्के हाच पंप परत भरतो. बाकीचं जवळपास सगळं दुसरा एक अदलाबदल करणारा पंप पेशीबाहेर काढतो, सोडियमचे तीन कण आत घेऊन कॅल्शियमचा एक बाहेर. ही तीनास एकची अदलाबदल लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

सर्काला एक ब्रेकही आहे, फॉस्फोलॅम्बन नावाचा. घाई असली, धावायचं असलं की अॅड्रिनलिन हा ब्रेक ढिला करतं, मोटार जोरात चालते, हृदय पटकन आवळतं आणि पटकन सुटतंही.

मिनिटाला ७२ ठोके धरले तर एका ठोक्याला ०.८ सेकंदाच्या आसपास वेळ मिळतो. त्यात आवळणं, सुटणं, रक्त भरून घेणं सगळं उरकायचं. दिवसाकाठी हे एक लाखाच्या वर वेळा.

मग हार्ट फेल्युअरमध्ये बिघडतं काय?

लोड शेडिंगमध्ये मोटार कशी चालते तेवढं आठवा. पंप कुंथत चालतो, टाकी भरत नाही, आणि त्यात दाराची फळी कुजलेली असली तर भरलेलं पाणी रात्रभर ठिबकत राहतं. कमजोर हृदयाच्या पेशीत हे दोन्ही एकदम होतं. सर्काचं प्रमाण किंवा काम घटतं, त्यामुळे कॅल्शियम हळू परत जातं. रायनोडीनची दारं गळायला लागतात, ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीतही थोडं थोडं कॅल्शियम निसटतं. आवरणाचे ते नीटनेटके बोगदे ढासळतात, काही दारं चावीपासून लांब पडतात आणि उशिरा उघडतात किंवा उघडतच नाहीत.

परिणाम दोन्हीकडून होतो. साठा अर्धवट भरलेला, म्हणून दार उघडल्यावर लोंढा लहान आणि आवळण्याचा जोर कमी. आणि कॅल्शियम पूर्ण उचललं न गेल्यामुळे पेशी पूर्ण सैल पडत नाही, रक्त नीट भरत नाही, फुफ्फुसात दाब वाढतो, दम लागतो.

दारं गळतात ती का, यावर संशोधकांत वाद आहेत. हृदय कमजोर पडलं की शरीर घाबरून अॅड्रिनलिन सतत चालू ठेवतं आणि त्याच्या माराने दारांवर रासायनिक बदल होतात, एवढं सगळे मानतात. नेमका कोणता बदल जास्त दोषी, यावर भांडण चालू आहे.

आणखी एक गोष्ट पेशंटला घाबरवायला नको म्हणून बरेचदा सांगितली जात नाही. गळलेलं कॅल्शियम बाहेर टाकताना तो तीनास एकवाला पंप सोडियमचे तीन कण आत आणतो. सोडियमच्या तीन कणांवर तीन धन प्रभार, कॅल्शियमच्या एका कणावर दोन. म्हणजे दर फेरीला एक धन प्रभार आत शिल्लक राहतो. तेवढ्यानेही भलत्या वेळी वीज उठू शकते आणि भलताच ठोका पडतो. हृदय कमजोर असलेल्यांना धोकादायक अनियमित ठोक्यांची भीती असते, तिच्या मुळाशी हे एक कारण आहे.

रिपोर्टमध्ये 'ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन' लिहिलंय. हे हार्ट फेल्युअर का?

पन्नाशीनंतर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तर ही ओळ फार जणांच्या रिपोर्टमध्ये निघते. अर्थ एवढाच की हृदयाची डावी खालची पोकळी सैल पडायला जरा वेळ घेते. वय वाढलं की पंपाचा वेग घटतो, रक्तदाब असला की भिंत जाड होते. एकट्या या ओळीला हार्ट फेल्युअर म्हणत नाहीत. पण बीपी आणि साखर ताब्यात ठेवायची ती सूचना समजा. दम, सूज असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, कारण पंपिंगचा आकडा, म्हणजे ईएफ, चांगला असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं. अशा पेशंटची संख्या एकूण हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्मी आहे. "ईएफ साठ टक्के, मग दम कसा लागतो?" याचं उत्तर सुटण्यात शोधायचं असतं.

पेशीत कॅल्शियमचा लोंढा कमी पडतो, तर औषधाने वाढवून टाका की!

हा विचार डॉक्टरांनीही केला आणि चांगला हात पोळला. मिलरिनोन नावाचं औषध पेशीत कॅल्शियमचा खेळ वाढवतं, हृदय जोरात आवळतं. गोळीच्या रूपात ते दीर्घकाळ देऊन पाहिलं तेव्हा, १९९१ च्या निकालात, औषध घेणारे जास्त दगावले. थकलेल्या बैलाला पराणी टोचली तर तो चार पावलं झपाट्याने चालेल, शेत नांगरून होणार नाही. आजही हे औषध शिरेतून, थोडा वेळ, आयसीयूत वापरतात, गोळी म्हणून नाही. लेव्होसिमेन्डान हे औषध जरा वेगळं. ते ट्रोपोनिनला आहे त्याच कॅल्शियमबद्दल जास्त हळवं करतं. तेही बहुतेक करून रुग्णालयातच.

मग वाटलं, पंपच नवा बसवू. सर्काचं जनुक विषाणूत घालून थेट हृदयात पोचवायचे प्रयोग झाले. पहिल्या छोट्या चाचणीने आशा वाढवली, मोठ्या चाचणीचा निकाल २०१५ मध्ये आला आणि त्यात फायदा दिसला नाही. कल्पना चुकली की पुरेशा पेशींपर्यंत जनुक पोचलंच नाही, यावर अजून बोललं जातं. मला दुसरं जास्त पटतं.

हृदय आधीच कमजोर, आणि डॉक्टर ठोके कमी करायची गोळी देतात? हे उलटं नाही का?

दिसायला उलटंच. माझ्या आईने ही गोळी आठवडाभर पीठाच्या डब्यामागे लपवून ठेवली होती, "यांचं हृदय आणखी मंद करतात" म्हणून.

स्वीडनमध्ये गोथेनबर्गला फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये सात पेशंटवर हे करून पाहिलं, तेव्हा पुस्तकात बीटा ब्लॉकर, म्हणजे याच ठोके कमी करणाऱ्या गोळ्या, हार्ट फेल्युअरमध्ये वर्ज्य होते. १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले: मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. वर्ज्य असलेलं औषध उपचाराचा खांब झालं.

कॅल्शियमच्या बाजूने पाहिलं तर हे उलटं राहत नाही. १८७१ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेन्री बोडिच यांनी बेडकाच्या हृदयावर दाखवलं होतं की ठोके भरभर दिले तर जोर पायरी पायरीने वाढतो. निरोगी माणसाच्या हृदयातही वेग वाढला की जोर वाढतो, कारण पंप टिकाव धरतो. कमजोर हृदयात वेग वाढला की जोर वाढत नाही, कधी कधी घटतो. पंपाला भरायला वेळच मिळत नाही. ठोके कमी केले की टाकी भरायला उसंत मिळते, आणि अॅड्रिनलिनचा मार थांबला की महिन्यांनी पंप आणि दारं काही प्रमाणात सावरतात. म्हणूनच ही गोळी अगदी कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात, आणि म्हणूनच ती आपल्या मनाने एकदम बंद करायची नसते.

डिगॉक्सिनची गोळी शनिवार-रविवार बंद ठेवायला का सांगतात?

आपल्याकडे बरेच डॉक्टर पाच दिवस चालू, दोन दिवस बंद असं लिहितात. कारण हे औषध मूत्रपिंडातून हळूहळू बाहेर पडतं. मूत्रपिंड चांगलं असलं तरी अंगातलं निम्मं जायला दीड-दोन दिवस लागतात, आणि उपयोगाची पातळी व विषारी पातळी यांच्यात अंतर फार थोडं.

औषध मूळचं झाडाचं. १७८५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी फॉक्सग्लव्ह या फुलझाडाच्या पानांनी अंगावरची सूज उतरते हे पुस्तकातून मांडलं. काम कसं करतं ते कळायला पुढे पावणेदोनशे वर्षं लागली. ते सोडियम बाहेर काढणारा पंप अडवतं. पेशीत सोडियम साचतं, मग तीनास एकवाल्या पंपाला सोडियम आत घ्यायला वाव उरत नाही आणि कॅल्शियम आतच राहतं, साठा फुगतो, ठोक्याला जोर येतो. साठा जास्तच फुगला तर दारं आपोआप सुटतात आणि भलते ठोके सुरू होतात. १९९७ मध्ये ६,८०० पेशंटच्या चाचणीचा निकाल आला: डिगॉक्सिनने रुग्णालयाच्या खेपा कमी झाल्या, मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून आज ते पहिल्या रांगेत नाही, पण निवडक पेशंटला अजून देतात.

आमच्या घरी घोटाळा झाला तो माझ्याच हाताने. नानांच्या डब्यावर मी गोळ्यांची चिठ्ठी लावली आणि "शनि-रवि नाही" हे लिहायचं राहिलं. त्यातच लघवीची गोळी वाढवलेली. डिसेंबरात शेतावर पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली होती, भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. नानांनी ताट सरकवलं. भरिताचं ताट सरकवणारा माणूस आमच्या घरात जन्माला आलेला नाही. आईला वाटलं पित्त झालं. दोन दिवसांनी ते म्हणाले, "पोरी, भिंत पिवळी दिसस." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रक्त तपासलं तर पोटॅशियम २.९, डिगॉक्सिनची पातळी वर. लघवीच्या गोळीने पोटॅशियम जातं, आणि पोटॅशियम घटलं की डिगॉक्सिन पंपाला जास्तच घट्ट चिकटतं. चार दिवस रुग्णालयात काढून घरी आले. तेव्हापासून सांगते: डिगॉक्सिन चालू असताना भूक गेली, मळमळ, उलटी, पिवळं-हिरवं दिसणं, यांतलं काहीही झालं तर पित्तावर ढकलू नका.

बिट्टीच्या बियांतही असंच विष असतं म्हणतात, खरं का?

खरं. बांधावरची पिवळी बिट्टी आणि अंगणातला कण्हेर, दोन्हींतली विषं त्याच सोडियम पंपावर मारा करतात. मुलं बिट्ट्यांनी खेळतात, एखादं तोंडात घालतं. बी चावल्याची शंका आली तरी मीठ-पाणी पाजून ओकाऱ्या काढत बसू नका, सरळ ईसीजीची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

केळी खाऊ का?

रावेर, यावल, चोपड्याकडच्या माणसाने हे विचारणारच. एका मध्यम केळ्यात साधारण ३५० ते ४०० मिलीग्रॅम पोटॅशियम असतं. नुसती लघवीची गोळी असेल तर केळं फायद्याचंच. पण हार्ट फेल्युअरच्या इतर गोळ्या, स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, या पोटॅशियम अंगात धरून ठेवतात. त्यात मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. बेडकाच्या प्रयोगातली ती खाली सपाट झालेली रेघ आठवा. तेव्हा उत्तर तुमच्या क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियमच्या आकड्यात आहे, केळ्यात नाही. एक सावधगिरी सगळ्यांसाठी: 'लो सोडियम' म्हणून विकलं जाणारं मीठ विचारल्याशिवाय आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

बीपीसाठी 'कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर' चालू आहे. ती हृदयाचं कॅल्शियम अडवेल?

अॅम्लोडिपिन असेल तर ती मुख्यतः रक्तवाहिन्यांवर काम करते, कमजोर हृदयालाही सहसा चालते, पायांवर सूज मात्र आणू शकते. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल या हृदयाचीच दारं अडवतात, म्हणून ईएफ कमी असेल तर टाळतात. पाकिटावरचं नाव वाचून डॉक्टरांना सांगा.

ट्रोपोनिन टेस्ट आणि कॅल्शियम स्कोअर यांचा याच्याशी संबंध आहे का?

ट्रोपोनिनचा आहे. कॅल्शियम झेलणारं वर सांगितलेलं प्रथिन तेच. हृदयाची पेशी फुटली की ते रक्तात येतं, म्हणून अटॅकच्या शंकेत तपासतात. कॅल्शियम स्कोअरचा नाही. तो रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेल्या चुन्याचा सीटी स्कॅन.

अर्जुनसालीचा काढा?

छोट्या चाचण्या झाल्यात, पण आयुष्य वाढतं असं दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, आणि त्याच्या जोरावर गोळ्या बंद करू नका. गोळ्या बंद करून महिन्याने सुजून आलेले लोक मी पाहिलेत.

साखरेची गोळी हृदयासाठी देतात, मला तर साखर नाही.

डॅपाग्लिफ्लोझिन असेल. २०१९ च्या चाचणीत मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटनाही तिचा फायदा दिसला. पेशीतलं सोडियम कमी करून ती कॅल्शियमलाही वळण लावते असा एक अंदाज आहे, पण त्यावर एकमत नाही. आपल्यासाठी गोष्ट एवढी की आता ती जेनेरिकमध्ये मिळते आणि परवडते.

मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत लघवीची गोळी चालू ठेवायची का?

चालू, पण डोळे उघडे ठेवून. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर पाणी साचतंय. सारखं घटतंय, उठल्यावर चक्कर येतेय, जुलाब-उलट्या चालू आहेत, तर अंगातलं पाणी आणि क्षार जाताहेत. दोन्ही वेळा डॉक्टरांना फोन करा, डोस तेच बदलतील. दिवसाला पाणी किती प्यायचं हेही त्यांच्याकडून आकड्यात घ्या, "भरपूर" किंवा "कमी" असं नको. आणि शेवभाजीवरची शेव, उडदाचा पापड, ठेच्यातलं खडेमीठ हे सगळं मिठाच्या हिशेबात धरा. नानांनी ठेचा सोडला नाही, मीठ सोडलं. पहिले पंधरा दिवस त्यांनी आईशी भांडण काढलं, आता पंगतीतला ठेचा त्यांना खारट लागतो.